पुळणीचा जमाखर्च

कोकणात समुद्र पाहायला निघणारे हवामान पाहतात, हॉटेलचे दर पाहतात. तिथी सहसा पाहत नाहीत. किनाऱ्यावरची जुनी माणसे अजून पाहतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की त्या दिवसाच्या भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. पुढे साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पुरी होते, आणि चंद्र रोज पन्नासएक मिनिटे मागे पडतो म्हणून भरतीही रोज तेवढीच मागे पडते. गावागणिक, खाडीगणिक थोडे इकडेतिकडे होते, पण बोटांवर होणाऱ्या हिशेबाकडून यापेक्षा अधिक मागू नये.

याच हिशेबाने कोजागरीचे दूध श्रीवर्धनला घेतले आणि दुसऱ्या दिवशी उजाडता हरिहरेश्वर गाठले. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, तेव्हा उधाण. अष्टमीच्या आसपास ती काटकोनात येते, तेव्हा भांग. उधाणात पाणी जेवढे जास्त चढते तेवढेच जास्त उतरतेही. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा करायची तर उधाणाची ओहोटी साधावी.

देवळामागच्या डोंगरावरून वाट एका चिंचोळ्या घळीत उतरते. पायऱ्या संपल्या की समोर काळ्या खडकाचे पटांगण उघडे पडते. पाठीशी उभा कडा, पायाखाली जवळजवळ सपाट दगड, आणि त्या सपाटीच्या काठावर फुटणारा समुद्र. भूगोलाच्या पुस्तकात याला तरंगघर्षित मंच म्हणतात आणि शेजारी एक आकृती असते. ती आकृती मी परीक्षेत अनेकदा काढली होती. प्रत्यक्ष वस्तू एवढी खडबडीत असेल असे वाटले नव्हते.

हे पटांगण लाटेनेच केले आहे. लाट कड्याच्या पायथ्यावर आदळते तेव्हा खडकाच्या भेगांतली हवा दाबली जाते आणि लाट मागे सरताच झटक्याने सुटते. बेसॉल्टला भेगांची कमतरता नाही. त्यात लाट आपल्याबरोबर वाळू आणि गोटे घेऊन येते, ती घासण्याचे काम करतात. पायथा आत पोखरत जातो, वरचा भाग अधांतरी होतो, एखाद्या पावसाळ्यात कोसळतो, आणि पडलेले धोंडे फोडून नेण्याचे काम पुन्हा लाटांचेच. कडा मागे सरकतो, त्याची जुनी जागा सपाट होऊन उरते. पटांगणात पाण्याने भरलेले गोल खळगे आहेत. त्यांत अडकलेले गोटे गरगर फिरून खळगा खोल करत असतात. कड्याच्या अंगावर मात्र मधाच्या पोळ्यासारखी जाळी आहे आणि ती लाटेने केलेली नाही. तुषारांतले खारे पाणी दगडात मुरते, उन्हाने वाळते, मिठाचे स्फटिक धरतात आणि फुगताना दगडाचे कण सुटे करतात. कडा खालून लाट खाते, वरून मीठ.

इथे माणसे वाहून गेल्याच्या बातम्या येतात त्याचे कारणही याच जागेवर कळते. भरती चढू लागली की पटांगणावर आधी पातळ पाणी येते, धोका वाटत नाही. पण लाटेची उंची दुप्पट झाली की तिचे बळ चौपट होते, आणि दहा मध्यम लाटांमागून एक मोठी येणे हा समुद्राचा रोजचाच रिवाज आहे. पाठीमागे कडा असल्यावर पळायला जागा राहत नाही. घळीच्या तोंडाशी फूल विकणाऱ्या मावशींना विचारले, किती वाजेपर्यंत थांबता येईल? त्या म्हणाल्या, “दादा, पहिला दगड भिजला की वर या. घड्याळ बघत बसू नका.”

बागमांडल्याहून वेसवीला फेरीबोट जाते, मध्ये सावित्री नदीचे रुंद मुख. पलीकडे बाणकोटचा किल्ला दिसतो. कोकणच्या किनाऱ्याने गाडी नेणाऱ्याला असा प्रसंग वारंवार येतो: दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड. रस्ता संपतो, खाडी आडवी येते. या खाड्या एवढ्या रुंद का, याचे उत्तर नद्यांकडे नाही. सह्याद्रीपासून समुद्रापर्यंत जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर वाहणाऱ्या नदीला एवढे मुख कोरणे जमत नाही. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या कळसाला, जगाचे एवढे पाणी बर्फात अडकले होते की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. किनारा पश्चिमेला कितीतरी दूर होता. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री त्या जुन्या किनाऱ्यापर्यंत दऱ्या कोरत जात होत्या. बर्फ वितळले, समुद्र चढत आला, सुमारे सात हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीच्या जवळ येऊन मंदावला. तोवर दऱ्यांचे खालचे भाग बुडाले होते. आपण फेरीबोटीने ओलांडतो त्या या बुडालेल्या दऱ्या आहेत.

किनाऱ्याच्या लांबीचा घोळही इथलाच. महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर, असे आपण शाळेत घोकले. अलीकडच्या अधिक बारीक मोजणीत तो जवळपास ८७८ किलोमीटर भरला, आणि देशाचा ७,५१६ वरून ११ हजारांच्या वर गेला. जमीन वाढली नाही. खाड्यांची वळणे, बेटांच्या कडा जितक्या बारकाईने मोजाव्यात तितका किनारा लांबत जातो.

पाणी नेहमी चढतच आले असेही नाही. श्रीवर्धनपासून गुहागरपर्यंतच्या पट्ट्यात ठिकठिकाणी शंख-शिंपले आणि वाळू चुन्याने सांधून झालेला एक दगड भेटतो. त्याला करल म्हणतात. तो भरतीच्या पट्ट्यात तयार होतो. आज काही ठिकाणी तो भरतीरेषेच्या वर, कोरड्यात सापडतो, म्हणजे गेल्या काही हजार वर्षांत पाणी आजच्यापेक्षा थोडे वर येऊन पुन्हा उतरले आहे. लोकांनी तो दगड काढून गडगे घातले.

केळशीला वाळूची टेकडी आहे. होती म्हणावे की आहे, हा प्रश्न तिथे उभे राहिल्यावर पडतो, कारण सागरी महामार्गाच्या कामात तिचे लचके तुटले आहेत. पंधरा-वीस मीटर उंचीची टेकडी सगळी वाळूची, आणि तिच्या पोटात खापऱ्या आणि जुनी नाणी. डेक्कन कॉलेजचे डॉ. अशोक मराठे यांनी तिचा अभ्यास करून ती त्सुनामीने रचली असल्याचे मत मांडले. १५२४ साली वास्को द गामाचे जहाज दाभोळजवळ असताना वारा नसताना समुद्र हादरला, अशी नोंद पोर्तुगीज बखरकारांनी करून ठेवली आहे. त्या घटनेशी ही टेकडी जोडली जाते. सगळ्यांना ते पटलेले नाही. वाऱ्याने वर्षानुवर्षे वाळू उडवून एवढा ढीग होऊ शकतो, असेही म्हणणारे आहेत. मला दोन्ही एकत्र शक्य वाटतात; वाऱ्याला वाळू हवी आणि ती कुणीतरी आणून टाकावी लागते. अरबी समुद्रात त्सुनामी येतच नाही, असे मात्र कोणी सांगू लागला तर ऐकू नये. १९४५ साली मकरानच्या किनाऱ्यावरच्या भूकंपानंतर ती मुंबईपर्यंत आली होती आणि माणसे दगावली होती.

आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती आधी कड्यावर नव्हता, असे गावात सांगतात. समुद्रकाठी शंकराचे आणि सिद्धिविनायकाचे देऊळ होते, पाणी आत शिरू लागले, तेव्हा देव वर गेला. आख्यायिका आहे, पुरावा नव्हे. तरी समुद्र पुढे आला की आपण मागे सरायचे, हा शहाणपणा त्या गावाने देवाच्या नावावर नोंदवून ठेवला आहे. हल्लीची तऱ्हा उलट आहे.

केळशी-आंजर्ल्याच्या वाड्यांतून चालताना पोफळी बुटक्या दिसतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाची ती खूण. दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर ते दुपारी जमिनीवर चढले, ताशी ११०-१२० किलोमीटरचा वारा घेऊन. श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत माड-पोफळीची आगरे आडवी झाली. पोफळ धरायला सहा-सात वर्षे लागतात.

वादळात समुद्र दोन कारणांनी फुगतो. मध्यभागी हवेचा दाब कमी असतो, तो एक हेक्टोपास्कलने उतरला की पाणी सुमारे एक सेंटिमीटर वर येते. पण खरे काम वारा करतो. तो पाणी किनाऱ्याकडे रेटत आणतो आणि उथळ समुद्रात त्याला मागे जायला वाव मिळत नाही. त्यावर लाटा स्वार होतात. आता तिथी पाहा: ज्येष्ठी पौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाण जवळ आलेले. द्वादशी-त्रयोदशीची भरती सकाळी नऊ-दहाच्या सुमाराची. वादळ जमिनीवर आले तेव्हा पाणी ओहोटीला लागले होते. तेच तीन-चार तास आधी येते तर पोफळींबरोबर घरांची जोतीही मोजावी लागली असती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ जमिनीवर न चढता कोकणाला समांतर उत्तरेकडे गेले, आणि तरी जाता जाता किनारा झोडपून गेले.

हर्णैचा लिलाव आणि त्याचा कोलाहल सर्वांनी लिहिला आहे, मी सोडून देतो. एवढेच पाहावे की बंदर तिथेच का झाले. समोर सुवर्णदुर्गाचे बेट उभे आहे. पश्चिमेची लाट आधी त्याच्यावर फुटते आणि मागे निवाऱ्याचे पाणी राहते. शिलाहार असोत की मराठे, किल्ल्याची जागा निवडणाऱ्यांना लाटेची सावली वाचता येत होती.

गुहागरची पुळण सहाएक किलोमीटर सरळ पसरली आहे आणि आश्विनात ती अपुरी वाटते. सुरूच्या बनाखाली हातभर उंचीची वाळूची पायरी तुटलेली, मुळे उघडी, खालची वाळू ओली, घट्ट आणि काळपट. पहिल्यांदा येणारा म्हणतो, धूप झाली. काठावर जाळे विणत बसलेले एक काका म्हणाले, “माघात या, इथंच बसून जेवाल.” त्यांचे बरोबर होते. पुळणीचा दरसाल जमाखर्च असतो. पावसाळ्यातल्या उंच, एकामागून एक येणाऱ्या लाटा पुळणीची वाळू ओढून नेतात, पण फार लांब नाही. थोड्या खोल पाण्यात तिचा दांडा घालून ठेवतात. मग लाटा त्या दांड्यावरच फुटू लागतात आणि किनाऱ्याला पोहोचेपर्यंत थकतात. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवतो, हिवाळ्यातल्या बुटक्या, लांब श्वासाच्या लाटा तीच वाळू थोडी थोडी पुन्हा वर आणतात. खर्ची पडलेली वाळू फाल्गुनापर्यंत जमेला येते. या फेऱ्यासाठी पुळणीच्या मागे वाळूच्या टेकाडांची शिल्लक लागते, मर्यादवेलीने धरून ठेवलेली. एखादा पावसाळा जास्त कडक गेला तर समुद्र त्या शिलकीतून घेतो. टेकाड सपाट करून तिथे रिसॉर्टचे आवार बांधले की शिल्लक संपली.

वेळणेश्वरहून हेदवीकडे जाताना रस्ता चढाला लागतो. तिथे गाडी थांबवून खाली पाहत बसावे. खोल समुद्रात लाटांच्या ओळी सरळ असतात. डोंगराचे टोक पाण्यात घुसले आहे तिथे तळ उथळ, म्हणून लाटेचा तो भाग आधी मंदावतो. दोन्ही बाजूंचे भाग पुढे जातात आणि अख्खी ओळ टोकाभोवती वळते. परिणामी लाटांचे बळ टोकावर एकवटते, आणि आतल्या बाकात ओळ ताणली जाऊन बळ पसरते. टोके झिजतात, बाकात वाळू साठते. कोकणचा किनारा म्हणजे टोक, पुळण, टोक, खाडी ही पुनरावृत्ती का, ते या एका जागेवरून दिसते. त्यामुळेच इथली बहुतेक पुळण आपापल्या दोन टोकांमध्ये कोंडलेली आहे. शेजारच्या बाकातून तिला सहजी वाळू मिळत नाही.

हेदवीची बामणघळ हे टोकावर एकवटलेल्या बळाचे प्रात्यक्षिक. उमामहेश्वराच्या देवळापुढे खडकात एक अरुंद चीर आहे. खडकाची कमकुवत रेघ लाटांनी पोखरत नेली. भरतीच्या वेळी लाट तिच्यात शिरते, पुढे जागा अरुंद होत जाते, आणि पाणी वर उसळते. उधाणात त्याचा खांब होतो. मी पोहोचलो ती तृतीया-चतुर्थी होती, उधाण ओसरत चाललेले, तरी पाय मागे घेण्याइतके पाणी अंगावर आले.

रत्नागिरीत काळा समुद्र आणि पांढरा समुद्र असे दोन किनारे शेजारी शेजारी आहेत. मध्ये रत्नदुर्गाचा डोंगर. दक्षिणेला मांडवी-भाट्ये, तिथे काजळी नदी सह्याद्रीच्या काळ्या दगडाचा जड चुरा आणून टाकते, त्यात इल्मेनाइटचे कण भरपूर. उत्तरेची वाळू फिकट, तिच्यात शिंपल्यांचा चुरा अधिक. डोंगराचे टोक दोन्हींना मिसळू देत नाही. मघा म्हटलेली कोंडलेल्या पुळणीची गोष्ट ज्याला पटली नसेल त्याने दोन मुठी भरून घ्याव्यात.

या पांढऱ्या समुद्राच्या वरच्या अंगाला मिऱ्या. इथे गावाला पाण्यापासून वाचवण्यासाठी धूपप्रतिबंधक बंधारा घालण्याचे काम वर्षानुवर्षे चालू आहे, आणि तो ठिकठिकाणी खचण्याचेही. निसर्ग वादळात भरकटलेले एक जहाज याच किनाऱ्याला येऊन लागले आणि पुढे कित्येक पावसाळे तिथेच रुतून राहिले. बंधाऱ्याबद्दल गावकऱ्यांना दोष देता येत नाही. ज्याच्या पडवीत पाणी येते तो दगडच मागणार. पण दगडी भिंतीवर लाट थकत नाही, उलटते. उलटताना पायथ्याची वाळू उचलते. भिंतीपुढची पुळण खाली जाते, पाणी खोल होते, पुढच्या वर्षी अधिक मोठी लाट भिंतीपर्यंत पोहोचते, आणि भिंत उंच करावी लागते. भिंतीचे टोक जिथे संपते तिथल्या शेजाऱ्याची धूप वाढते, मग तोही भिंत मागतो.

जैतापूर, विजयदुर्ग, देवगड हे सगळे मी घाईने ओलांडले. कुणकेश्वरला मात्र थांबलो, कारण देवळाखालच्या खडकातली शिवलिंगे ओहोटीला उघडी पडतात. पण भांग लागला होता, पाणी अर्धवटच उतरले.

भरती-ओहोटीतले अंतर दक्षिणेकडे जाताना मुळातच कमी होत जाते. मुंबईत उधाणाला ते चार-पाच मीटर, मालवणला साधारण दोन. आणि मुंबईच्या उत्तरेला, खंबातच्या निमुळत्या आखातात भावनगरपाशी दहा मीटरच्या पुढे. मुंबईसमोर समुद्राचा उथळ तळ सुमारे ३०० किलोमीटर पसरला आहे, त्यावर भरतीची लाट चढत उंच होते. दक्षिणेकडे तो पट्टा अरुंद. मुंबईकराने मालवणात येऊन “तुमच्याकडे ओहोटी होतच नाही” असे म्हणू नये, एवढ्यासाठी हे सांगितले. मालवणच्या उधाणाच्या ओहोटीत माणसे पद्मगडावर चालत जातात.

देवबागला एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी. मधली वाळूची जीभ काही ठिकाणी इतकी अरुंद की रस्त्यावर उभे राहून दोन्हींचा वारा लागतो. नदी वाळू आणते, समुद्र ती मुखातून परतवून किनाऱ्याच्या कडेने रचतो, आणि असा दांडा लांबत जातो. त्यावर माड लागले, घरे आली, शाळा आली, आता निवास-न्याहारीच्या पाट्या आल्या. मुखाशी पाण्यातून वर आलेल्या वाळूच्या पट्टीला ‘त्सुनामी आयलंड’ नाव पडले असून लोक तिचा जन्म २००४ च्या त्सुनामीशी जोडतात. पट्टी हंगामागणिक जागा आणि आकार बदलते. पाण्याच्या खेळांच्या बोटी तिच्यामागून फिरतात. समुद्राकडच्या बाजूला बंधाऱ्याचे दगड आहेत. एका अंगणातल्या आजींनी पाण्याकडे हात करून दाखवले. “ह्या माडांच्या पलीकडे आमचो रस्तो होतो. आता माडय नाय नि रस्तोय नाय.”

अशा जिभेची उंची समुद्रापेक्षा फार नसते, म्हणून पातळीतली थोडी वाढही तिला जाणवते. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्राची पातळी मोजली जाते. त्या दीर्घ नोंदीत वाढ वर्षाला एक मिलिमीटरहून कमी दिसते. १९९३ पासून उपग्रह मोजत आहेत, त्यांत जगाची सरासरी वर्षाला तीन मिलिमीटरच्या वर. ऐकायला क्षुल्लक. पण पन्नास मीटरला एक मीटर उतरणाऱ्या पुळणीवर पाणी एक सेंटिमीटर वर आले की कड अर्धा मीटर आत येते, आणि प्रत्येक उधाण, प्रत्येक वादळ तेवढ्या वरून सुरुवात करते. त्यात नद्यांवर धरणे आणि खाड्यांत रात्रीचा वाळू उपसा. खर्च वाढतो आहे आणि जमा आपणच अडवली आहे. देवबागची पुढची भिंत मंजूर करण्याआधी कर्लीतला उपसा बंद करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ते कमी खर्चाचेही आहे.

कोकणात हल्ली दर वळणावर ‘सी-टच प्लॉट’च्या जाहिराती आहेत. ग्रामीण भागात बहुतेक ठिकाणी भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, हे जाहिरातीत बारीक अक्षरांतही नसते. घेणाऱ्याने जमीन फाल्गुनात पाहू नये, तेव्हा पुळण भरलेली असते. आषाढी अमावास्येच्या भरतीला, पावसात, प्लॉटच्या कडेवर उभे राहून पाहावी. शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारावे की वीस वर्षांपूर्वी सुरूची पहिली रांग कुठे होती. सातबाऱ्यावर भरवसा ठेवू नये. समुद्र तलाठ्याला कळवून येत नाही, आणि पाण्याखाली गेलेली गुंठाभर जागा कागदावर गुंठाभरच राहते.